घोडं कुठे पेंड खातंय

४ मार्च

ताई,

डबा उघडण्याआधी खिडकी उघड. आत लीद आहे. आज सकाळी सहाची, ताजी, बर्फात ठेवलेली. तुमच्या प्रयोगशाळेच्या पत्रकात लिहिलंय तसंच सगळं केलंय. जमिनीला टेकलेला भाग सोडून मधला गोळा घेतला, हातमोजे घातले, बरणी काठोकाठ भरली. सोबत चिठ्ठी घालू नये असं त्या पत्रकात कुठेही म्हटलेलं नाही, म्हणून घातली.

अक्षर ओळखलंसच. सहा वर्षांत ते काही सुधारलेलं नाही. डबा तसाच परत पाठवायचं मनात आलं असेल तर काढून टाक. म्हाताऱ्या घोड्यांचा आहार आणि त्यांच्या आतड्यातले सूक्ष्मजीव असा तुमचा अभ्यास चाललाय, पागांनी नमुने पाठवावेत असं तुम्हीच जाहीर केलंत, मी रीतसर फॉर्म भरला आणि आम्हाला एकतीस नंबर मिळाला. आता एकतीस नंबरची लीद तपासणं हे तुझं काम आहे. बहीण म्हणून नको तपासूस, पगार घेतेस म्हणून तपास.

एकतीस नंबर म्हणजे आपली कारभारीण. हो, तीच. तू कॉलेजात असताना आपल्या डोळ्यांसमोर जन्मलेली आणि पहिल्याच आठवड्यात बाबांच्या टोपीचा काठ चावून खाल्लेली घोडी. आता चोवीस वर्षांची आहे. ह्या थंडीत तिचं पोट तीनदा दुखलं. तिसऱ्या वेळी ती तासभर जमिनीवर लोळत होती आणि आम्ही चौघं मिळून तिला उठवू शकत नव्हतो. घोडेस्वारीच्या शाळेच्या नव्या बाई, म्हणजे आमच्या संचालिका, तेव्हा तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, "एप्रिल संपेपर्यंत आणखी एकदा असं झालं, तर मी डॉक्टरांना शेवटची सुई द्यायला सांगणार. त्या जनावराला असं तडफडताना मी परत बघणार नाही." बाई दुष्ट नाहीत गं. ते बोलताना त्यांचाच आवाज कापत होता.

डॉक्टर म्हणतात, वय झालं. मला नाही पटत. दात शाबूत आहेत, डोळा तल्लख आहे आणि चावते तर अजून पहिल्यासारखीच. माझा संशय चंदीवर आहे. रोज चार मापं भरडलेलं जव म्हणजे धावणाऱ्या तरण्या घोड्याची चंदी झाली. ही बया दिवसभर उभी असते. पण मी कमी करायचं म्हटलं की बाबा आरडाओरडा करतात, आणि पागेत अजून त्यांचाच शब्द चालतो, निवृत्त झाले तरी. माझं कोण ऐकतं? तुझ्या छापील कागदाचं ऐकतील.

बाबा बरे आहेत. ते तुला माहीत आहेच, दर रविवारी फोन करतेस. माझी चौकशी करत नाहीस हे मलाही माहीत आहे, कारण मी तिथेच शेजारी बसलेली असते.

धाकटी

१२ मार्च

ताई,

अहवाल मिळाला. तीन पानं छापील आणि सहीच्या जागीसुद्धा शिक्का. हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. बरं, ठीक आहे. मी माया मागितली नव्हती, कागद मागितला होता, तो मिळाला.

कागद समजेपर्यंत माझा चहा तीनदा गार झाला. बरोबर समजलंय का बघ. घोडं गवत चावतं, पण ते पचवणारे दुसरेच. त्याच्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी सूक्ष्मजीवांची बिऱ्हाडं आहेत. काही बिऱ्हाडं गवताच्या काड्या फोडून घोड्याला ताकद देतात. काही पिठूळ दाण्यावर जगतात. चंदी जास्त झाली की सगळा दाणा वरच्या आतड्यात पचत नाही, उरलेला खाली येतो, मग दाणेवाले माजतात, आम्ल सोडतात आणि त्या आंबटपणात गवतवाले मरतात. मग गॅस, मग कळा, आणि नशीब फारच फिरलं तर खुरांची आग. कारभारणीच्या पोटात गवतवाले थोडे उरलेत आणि दाणेवाल्यांचा नुसता सुळसुळाट झालाय. असंच ना?

आणि ही बिऱ्हाडं एका दिवसात बदलत नाहीत, म्हणून दर तिसऱ्या दिवशी अर्धं माप कमी करायचं आणि तेवढं वाळलं गवत वाढवायचं. उद्यापासून सुरू करते. तीन एप्रिलला चंदी शून्य. दर आठवड्याला तुला बरणी आणि इथे तुझ्या त्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या. लीद पाण्यात कालवायची, गाळायची, पट्टी बुडवायची. पिवळी म्हणजे आंबट, हिरवी म्हणजे ठीक. चहाची गाळणी वापरतेय. नवी आणली आहे, तोंड वाकडं करू नकोस.

तुझा कागद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे जंतू जगावेत म्हणून घोडीला उपाशी मारायची." मी म्हटलं, उपाशी कुठे, पोटभर गवत आहे. तर म्हणे, "गवत तर गायसुद्धा खाते." पण तुझं नाव शिक्क्यात होतं म्हणून पुढे काही बोलले नाहीत.

धाकटी

५ एप्रिल

ताई,

ही पाचवी बरणी. चंदी परवापासून बंद. मी स्वतः मोजून कमी केली, एका मुठीचा फरक नाही. कोठाराची किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलासुद्धा काढत नाही.

आणि पट्टी पिवळीच.

बाकीच्या म्हाताऱ्यांच्या, म्हणजे गवतावर असलेल्या दोन घोड्यांच्या लिदीची पट्टी करून बघितली, छान हिरवी आली. कारभारणीची मात्र हट्टाने पिवळी. पट्ट्या खराब असतील म्हणून दुसरी डबी उघडली. तेच. मग गाळणी बदलली. तरी तेच. मी काय चुकतेय ते सांग. शिक्का मारून सांग हवं तर.

तिची तब्येत म्हणशील तर वाईट नाही. गवत खाते, पण जरा नाटक करत, दोन घास टाकून. वजन एका किलोनेही घटलेलं नाही, ह्याचं डॉक्टरांना आश्चर्य वाटलं आणि मला आनंद झाला. बाबा दुपारी दोन ते चार तिच्याजवळ बसतात, मी गवताच्या गाड्या उतरवून घ्यायला मागच्या फाटकावर असते तेव्हा. आपली किटली घेऊन जातात, चहा पितात, तिच्याशी बोलतात. त्यांचा राग निवळला असं दिसतंय. चला, एक तरी गोष्ट सुरळीत झाली.

पंचवीस दिवस उरलेत. मला उत्तर दे.

धाकटी

११ एप्रिल

ताई,

तुला बोलायचंच असेल तर नीट बोल. टोमणे मारू नकोस.

अहवालाच्या खाली पहिल्यांदा तुझ्या हाताने लिहिलेली ओळ दिसली तेव्हा मी तो कागद घेऊन उन्हात गेले, नीट वाचता यावं म्हणून. आणि काय लिहिलंयस? "तुमच्याकडे घोडं पेंड खातंय. शोध." एवढंच. वा! घोडं कुठेतरी पेंड खातंय, गाडी कुठेतरी अडतेय, एवढं मलाही कळतं. ते नेमकं कुठे हे मला माहीत असतं तर मी तुला महिनाभर लीद कशाला पाठवली असती? शास्त्रज्ञ तू आहेस. मी पागेतली बाई. अडलंय हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

तरी शोधतेय, कारण दुसरा इलाज नाही. पाण्याची टाकी रिकामी करून घासली. डॉक्टरांकडून तिचे दात परत बघून घेतले. जंताचं औषध दिलं. गवताच्या सगळ्या पेंढ्या सोडून बुरशी बघितली, हात सोलून निघाले. अंथरायचा भुसा बदलला, तोच चघळत असेल म्हणून. कुठेच काही सापडत नाही. चार दिवस ह्यात गेले. बाई रोज खिडकीतून बघतात आणि काही विचारत नाहीत, त्याने जास्तच घाबरायला होतं.

मी सोडणार नाही, हे लक्षात ठेव. तू टोमणे मार, पट्ट्या पिवळ्या येऊ देत, तरी.

धाकटी

१६ एप्रिल

ताई,

काल दुपारी साडेतीनला चौथ्यांदा झालं.

मी फाटकावर होते. बाबांनी हाक मारली, तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आले तर ती पुढच्या पायाने जमीन खरवडत होती, मान वळवून सारखी कुशीकडे बघत होती आणि मानेवरून घाम गळत होता. दोर लावला आणि चालवायला सुरुवात केली. बसायला बघायची, मी ओढायची. डॉक्टर येईपर्यंत पाऊण तास, आणि नाकातून नळी घालून औषध दिल्यावर आणखी तास. बाबा बादली धरून उभे होते. सहाच्या सुमाराला तिने लीद टाकली आणि मी तिथेच खाली बसले.

बाईंनी सगळं पाहिलं. आज सकाळी ऑफिसात बोलावून शांतपणे म्हणाल्या, "शनिवारी सकाळी दहा. मी डॉक्टरांशी बोलले आहे. तुला सुट्टी हवी असेल तर घे." मी म्हटलं, सुट्टी नको.

तिथून बाहेर आले तर टपालात तुझं कार्ड. "अगं बावळट, टोमणा नव्हे, खरोखरची पेंड! अळशीची. चाळणीत सालपटं सापडली, सोबत शिजवलेल्या जवाची टरफलं. प्रत्येक बरणीत आधीपेक्षा जास्त. तू चंदी कमी केलीस तशी कोणीतरी वाढवली आहे. कोण घालतंय ते बघ, लगेच."

ताई, मी पोत्यावर बसून हसले. खरंच हसले. सगळ्या आयुष्यात एकदाच घोडं खरोखरची पेंड खात होतं आणि मी त्याचा अर्थ लावत बसले! पाण्याच्या टाक्या घासल्या! ते दिवस मला परत मिळाले असते तर कालचं टळलं असतं. मग हसता हसता रडू आलं, त्यात "बावळट" चाही भाग होता. सहा वर्षांनी मला लिहिलेला तुझा पहिला प्रेमाचा शब्द आहे तो.

आमच्या कोठारात पेंड नाही. आपला पैलवान घोडा गेला त्या वर्षापासून ती आत येऊ दिलेली नाही. कोण घालतंय ते मी शोधते. शनिवारपर्यंत वेळ आहे.

धाकटी

१८ एप्रिल

ताई,

परवा मी तुला खोटं लिहिलं. शोधते म्हणाले. शोधायचं काही नव्हतं. तुझ्या कार्डावर "अळशीची" हा शब्द वाचला तेव्हाच मला कळलं होतं. ह्या पागेत जव शिजवून, त्यात पेंड कालवून, वरून फडकं बांधून मुरत ठेवणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्याकडे एक किटली आहे.

काल दुपारी दोनला मी फाटकावर गेले नाही. बाबांच्या खोलीत गेले, पागेच्या मागची ती एक खोली, अजून तशीच आहे. ते निघायच्या तयारीत होते.

"बाबा, किटलीत काय आहे?"

"चहा."

"चहाला अळशीचा वास कधीपासून यायला लागला?"

"तुझं नाक तुझ्या बहिणीसारखं झालंय," म्हणाले आणि किटली पाठीमागे धरली. शहात्तर वर्षांचा माणूस, किटली पाठीमागे धरून उभा! मला हसू यायला हवं होतं. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली आणि झाकण उघडलं. झाकणाला आतून सालपटं चिकटलेली होती.

मग बोलले मी. सगळं बोलले. परवा ती ज्या कळा सोसत होती त्या ह्या किटलीतल्या आहेत, हेही बोलले. ते म्हणाले, "चाळीस वर्षं घोडी पाळली, मला जंतूंची भीती घालू नकोस. म्हातारीला वाळकं गवत घालता, तुम्हाला लाज वाटत नाही?" मी म्हटलं, शनिवारी दहा वाजता तिला मारणार आहेत, तुम्ही बाईंना जाऊन सांगा की हे मी केलं, म्हणजे तिला आणखी वेळ मिळेल. ते खाटेवर बसले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी काही केलेलं नाही." तेच वाक्य, ताई. शब्द न शब्द तेच.

आता ऐक. हे मी सहा वर्षं गिळून बसलेय.

पैलवानची चंदी मी वाढवली नव्हती. शर्यतीच्या आधी तो बारीक दिसत होता म्हणून बाबांनी चार दिवस त्याला गुपचूप दुप्पट घातली, पेंड कालवून. मी चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या तोबऱ्यात उरलेलं बघितलं आणि विचारलं, तेव्हा म्हणाले, मी काही केलेलं नाही. संध्याकाळी तो गेला. दुसऱ्या दिवशी तू तपासणीला आलीस, त्याचं पोट उघडलंस, आत दाणाच दाणा. सगळ्यांसमोर मला विचारलंस, "किती घातलंस?" मी म्हटलं, नेहमीएवढंच. तू म्हणालीस, "खोटं बोलतेस." मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. पागेचा प्रमुख मोतद्दार, सगळ्या घोड्यांची निगा त्याच्यावर, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. मग मी म्हटलं, आठवत नाही, जास्त पडलं असेल.

तू अहवालात मला निष्काळजी लिहिलंस. बरोबरच लिहिलंस, तुला जे सांगितलं त्यावरून. दोन वर्षं मला चंदीला हात लावू दिला नाही. ते मी सोसलं. पण तू बोलणं टाकलंस ते नाही सोसवलं, आणि त्याहून नाही सोसवलं ते दर रविवारी फोनवर तुझं बाबांशी हसणं. मला तुझा राग आला, त्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. मी गप्प बसून त्यांना वाचवलं असं मला वाटायचं. आता कळतंय, मी फक्त त्यांच्या हातात किटली ठेवली. तेव्हा बोलले असते तर कारभारणीला हे भोगावं लागलं नसतं.

म्हणून शनिवारी मी बोलणार आहे. त्यांच्यासमोर, त्यांचं नाव घेऊन. बाईंनी त्यांना खोलीतून काढलं तर माझ्याकडे आणेन, माझ्याशी बोलले नाहीत तरी जेवायला वाढेन. पण त्या घोडीला त्यांच्या अब्रूसाठी मरू देणार नाही.

तुझे सगळे अहवाल मला नीट मांडून, सहीने पाठव. शिक्का नको. आणि बाबांना काही बोलू नकोस. पैलवानचं तुला मी सांगितलंय, पण सांगायचं त्यांनी आहे.

धाकटी

२० एप्रिल

ताई,

माणसाबरोबर पाठवलेलं पाकीट काल मिळालं. खाली सही बघितली. त्याच्या वर जे लिहिलंयस ते मी चार वेळा वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही, आधी तुला सकाळचं सांगायचंय.

पावणेदहाला डॉक्टर आले. कारभारीण अंगणात बांधलेली होती, मी पहाटे तिला खरारा करून चकचकीत केली होती, असो. बाई ऑफिसातून बाहेर आल्या. बाबाही आले होते, निरोप घ्यायला, नवी टोपी घालून.

मी म्हटलं, "बाई, सुई द्यायच्या आधी पाच मिनिटं द्या." अहवाल त्यांच्या हातात दिले. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावरून वाचले. सालपटांच्या पानावर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "अरेच्चा! मग ह्यात वयाचा काय संबंध? असं खाऊन तरणं घोडंही आडवं होईल." बाईंनी मला विचारलं, "कोठाराची किल्ली तुझ्याकडे असते. पेंड आली कुठून?"

मी तीन दिवस हे वाक्य पाठ करत होते. मग म्हटलं, "बाबांनी बाहेरून आणून घातली. दुपारी दोन ते चार. थंडी पडल्यापासून."

मी बाबांकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी मागच्यासारखंच काहीतरी बोलून बसले असते. बाईंकडे बघत उभी राहिले. मला वाटलं, आता तेच वाक्य येणार, "मी काही केलेलं नाही."

ते म्हणाले, "हो. मी घातली."

मग त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "मी आलो की ती खिंकाळते. सगळ्या पागेत मलाच बघून. रिकाम्या हाताने गेलो आणि खिंकाळली नाही तर? तेवढ्यासाठी." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग येत होता पण येऊ शकत नव्हता, तसं काहीतरी चेहऱ्यावर होतं. आणि बाबा थांबले नाहीत. मी त्यांना आणखी बोलायला सांगितलं नव्हतं, कोणीच विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "आणि पैलवानलाही मीच घातली होती. हिचा काही दोष नव्हता. ही गप्प बसली."

डॉक्टरांनी पेटी बंद केली.

बाईंचा निर्णय असा. मे संपेपर्यंत मुदत. तोवर बाबांनी पागेत पाऊल टाकायचं नाही, खोली राहील. किटली ऑफिसात जमा. आणि एकही कळ आली तर मग कोणाचं ऐकणार नाहीत. मी म्हटलं, मान्य.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताट घेऊन गेले तर "ठेव" म्हणाले. जेवले मात्र सगळं. ताई, मला वाईट वाटतंय, खूप वाईट वाटतंय, पण पश्चात्ताप होत नाहीये.

धाकटी

७ जून

ताई,

मे संपला. एकही कळ नाही.

पट्टी अकरा मेला पहिल्यांदा हिरवट झाली, चोवीसला चक्क हिरवी. तुझा कालचा अहवाल बाईंनी ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. गवतवाल्यांची बिऱ्हाडं परत आली, दाणेवाले आवरले, आधी होते त्याहून कितीतरी जास्त जातींचे जीव तिच्या पोटात नांदतायत, हे सगळं मी येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ठेवून समजावते. नालबंद म्हणाला, आता तूच डॉक्टर झालीस. एकदा तर चुकून बाईंसमोर "आमचे जिवाणू" म्हणाले. गवत आता ती नाटक न करता खाते. शाळेच्या कामाला परत घ्यायची नाही, नुसतं राहू द्यायचं, असं बाईंनी लिहून दिलं. कारभारीण जगली, ताई.

बाबांची बंदी उठल्यावर एक तारखेला ते आले. मी लांबून बघत होते, खोटं कशाला सांगू. दोन्ही हात रिकामे, ते त्यांनी पुढे धरले होते, मला दिसावेत म्हणून की तिला, कोण जाणे. ती खिंकाळली नाही. गवत चावत पुढे आली, हात हुंगले, खिसे हुंगले, त्यांच्या सदऱ्यावर सणसणीत शिंकली आणि परत गवताकडे गेली. मला वाटलं, आता हे कोलमडणार. ते तासभर तिथेच उभं राहून तिला चावताना बघत होते.

संध्याकाळी माझ्याकडे आले. सहा आठवड्यांत "ठेव" आणि "हं" ह्यापलीकडचं पहिलं बोलले. म्हणाले, "मोठी ते जीव खरंच बघते का, की नुसतं गणित करते?" मी म्हटलं, भिंगातून बघतेही. तर म्हणाले, "मला बघायचेत."

म्हणून पुढची बरणी टपालाने नाही, त्यांच्याबरोबर येतेय. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन सात तासांचा प्रवास करणार आहेत, गुरुवारी दुपारी पोहोचतील. मी म्हटलं, टपालाने जाते की. तर म्हणाले, "मला मोठीशी बोलायचंय. फोनवर बोलायचं नाही ते." गेले सात रविवार तू त्यांना हवापाणी विचारतेयस आणि ते तुला हवापाणी सांगतायत, मी शेजारी बसून ऐकते. तू तोंड मिटून बसलीस, ते तुला किती जड गेलं असेल ते मला कळतं.

गुरुवारी ते पैलवानचं बोलायला लागतील. तुला माहीत आहे असं दाखवू नकोस. अडखळतील, कुठल्यातरी भलत्याच घोड्यापासून सुरुवात करतील, तुझ्या सवयीप्रमाणे वाक्य पुरं करून देऊ नकोस. सगळं त्यांच्या तोंडून येऊ दे, कितीही वेळ लागो. मग भिंगापाशी बसव आणि दाखव त्यांना.

धाकटी